गावातला दगड वाचताना : परिसर अभ्यासाचा एक पाठ



आमच्या शाळेच्या आवारात, ध्वजस्तंभाच्या डाव्या हाताला एक शिलाफलक आहे. तुमच्याही गावात असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी, मेरा देश’ अभियान झालं तेव्हा ग्रामपंचायतींनी गावोगाव असे फलक उभारले. कुठे ग्रामपंचायतीसमोर, कुठे तळ्याकाठी, कुठे शाळेतच. त्या दिवशी आपण सगळ्यांनी हातात माती घेऊन शपथ घेतली, रोपं लावली, फोटो काढले आणि लिंकवर अपलोड केले. पुढे काय झालं? आमच्याकडे तरी तो फलक मधल्या सुट्टीत दप्तरं टेकवायच्या कामी येऊ लागला.

मागच्या वर्षी सातवीला ‘इतिहासाची साधने’ हा पाठ घेत होते. भौतिक, लिखित, मौखिक. शिलालेख म्हणजे काय हे सांगताना वाटलं, पुस्तकातलं चित्र दाखवण्यापेक्षा समोरचाच दगड दाखवावा. वर्ग बाहेर काढला. मुलांनी फलक मोठ्याने वाचला, नावं वाचली. तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, “मॅडम, याच्यावर माया आज्याचं नाव काऊन नाई जी?”

वर्ग हसला. त्याच्या आज्याने चाळीस वर्षं गावची गुरं चारली. मी सांगितलं, “अरे, ही देशासाठी लढलेल्यांची नावं आहेत.” उत्तर बरोबर होतं. पोरगा मान हलवून गप्प बसला. पण त्याच्या शेजारची मुलगी गप्प बसली नाही. “मंग बाकीच्यांची नावं कुठी रायतेत?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या एका प्रश्नावर आम्ही पुढे जवळजवळ सहा महिने काम केलं. ते कसं केलं, कुठे फसलं, ते तुमच्यासमोर ठेवते. तुमच्या गावात दगड वेगळे असतील, पण प्रश्न बहुधा हाच येईल.

आधी एक गोष्ट. स्मारक किंवा फलक शिकवताना आपण त्यावर काय लिहिलंय तेवढंच शिकवतो. मुलं वहीत उतरवून घेतात, झालं. पण दगड हा कोणीतरी, कधीतरी, काहीतरी ठरवून उभा केलेला असतो. म्हणून मी मुलांना प्रत्येक दगडापाशी तेच चार प्रश्न विचारायला लावले. हा कोणी उभारला? कधी? कोणाच्या आठवणीसाठी? आणि इथे राहणाऱ्यांपैकी कोण यावर नाही? चौथा प्रश्न तक्रारीसारखा विचारायचा नाही, कुतूहलाने विचारायचा, हे मात्र मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मुलांना तक्रार फार लवकर जमते!

पहिली सहल जुनापाणीला नेली. नागपूरहून काटोल रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर हे ठिकाण आहे आणि नागपुरात जन्म काढलेल्या कितीतरी लोकांनी ते पाहिलेलं नाही. माळरानावर मोठमोठ्या काळ्या दगडांची वर्तुळं आहेत. एक-दोन नाहीत, सुमारे तीनशे. हे दगड म्हणजे लोहयुगातल्या लोकांची दफनं, ढोबळमानाने अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. माणूस गेला की त्याच्यासोबत काळी-तांबडी भांडी, लोखंडाची हत्यारं ठेवायची, वर माती-गोट्यांची भर घालायची आणि भोवती दगडांचं कडं करायचं. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅक याने १८६७ च्या सुमारास इथे खणून पाहिलं. त्याने गोळा केलेल्या काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं.

नागपूर जिल्ह्यात अशी ठिकाणं बरीच आहेत. माहुरझरीला मण्यांचा उद्योग होता आणि तिथल्या दफनांत घोड्यांचे अवशेष आणि घोड्याला घालायचे तांब्याचे दागिने मिळाले. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. टाकळघाट-खापा, रायपूर-हिंगणा, भागीमाहारी ही गावं तर मुलांच्या मामा-मावशीची निघाली! “मॅडम, माई मावशी टाकळघाटले रायते,” असं एकजण म्हणाला आणि तिथून पाठ आपोआप पुढे गेला. सातवी-आठवीच्या मुलाला हडप्पा माहीत असतं, मोहेंजोदडो माहीत असतं, पण मावशीच्या गावात अडीच हजार वर्षांपूर्वी लोक राहत होते हे कोणी सांगितलेलं नसतं.

तिथे काय करून घ्यायचं? आम्ही सुतळी नेली होती. चार-चार मुलांच्या गटाने एकेका वर्तुळाचा घेर मोजला. मग प्रश्न टाकला, परीघ माहीत आहे, व्यास काढा. गणिताच्या सरांना मी आधीच पटवून ठेवलं होतं. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे रांगेत कोरलेले आहेत, ते शोधायला लावले. दिवस कलता असेल तर तिरप्या उन्हात ते चटकन दिसतात, भर दुपारी दिसत नाहीत. दगडावर चढायचं नाही, खडूने काही लिहायचं नाही, गोटासुद्धा उचलून आणायचा नाही, हे बसमध्येच सांगून ठेवा. हे संरक्षित स्मारक आहे.

मग चार प्रश्न. कोणी उभारला? इथल्याच लोकांनी. कधी? खूप पूर्वी. कोणासाठी? आपल्या गेलेल्या माणसांसाठी. आणि नाव? एकही नाही. लिपीच नव्हती. मुलं थोडी हिरमुसली. एवढे दगड ओढून आणले, एवढा घाम गाळला आणि कोणाचंच नाव नाही! मग पुरातत्त्व खात्याची पाटी वाचली. अशा पाट्यांवर बहुधा कायदा असतो, शिक्षा असते, दंड असतो. इथे कोण राहत होतं, काय करत होतं हे पाटीवरून कळत नाही. आमच्या एका मुलीने वहीत लिहिलं, “पाटी दगडाला हात लावू नका म्हणते, पण दगड कोणाचा ते म्हणत नाही.” मी त्या वाक्याला लाल शाईने बरोबरची खूण केली.

इथे एक गोष्ट जोडून सांगा. मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी दगड उभा करायची रीत आपल्या विदर्भात संपलेली नाही. गडचिरोलीतल्या माडिया गोंडांमध्ये ती अजून आहे. नातेवाईक, गावकरी मिळून दगड आणतात आणि उभा करतात. दगडावर नाव कोरलेलं नसलं तरी गावाला ठाऊक असतं, कोणता दगड कोणाचा. म्हणजे नाव दगडावर नसेल तर ते माणसांच्या तोंडी असतं आणि ती माणसं गेली की जातं. जुनापाणीच्या दगडांनाही कधीकाळी नावं असणारच. हे ऐकल्यावर मुलं जरा वेगळ्या नजरेने त्या कड्यांकडे पाहू लागली.

दुसरी सहल शहरात. झिरो माइल सगळ्यांना माहीत असतो, निदान मेट्रो स्टेशनमुळे तरी. तो वालुकाश्माचा स्तंभ, चार घोडे आणि बाजूच्या दगडावर कोरलेली गावांची नावं आणि अंतरं. कवठा, हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल. मुलांना नकाशा देऊन ही गावं शोधायला सांगा. ‘चांदा’ सापडत नाही म्हणून गोंधळ होतो, मग चंद्रपूर कळतं. स्तंभाजवळ १९०७ हे साल आहे. ते ब्रिटिशांच्या मोजणी खात्याचं काम. भारताचा मध्यबिंदू वगैरे आपण अभिमानाने सांगतो, तेही सांगा, पण हा दगड माणसांविषयी काहीच बोलत नाही हे मुलांना आपसूक दिसलं पाहिजे. त्याला मैल आणि उंची कळते. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाने बारा वाड्या जोडून १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं असं आपण शिकवतो. त्या बाराही वाड्यांत कोण राहत होतं, ते या दगडाला विचारून उपयोग नाही.

झिरो माइलला फार वेळ लावू नका. तिथून चालत थोड्याच अंतरावर या पाठातलं सर्वांत अवघड ठिकाण आहे. माझी खरी कसोटी तिथे लागली.

आदिवासी गोवारी शहीद स्मारक. नागपूरकर त्यावरून रोज जातात. शेजारच्या उड्डाणपुलालाही आदिवासी गोवारी उड्डाणपूल असं नाव आहे. आमच्या शाळेतले निम्मे पालक कामासाठी त्या पुलावरून येतात-जातात. पुलाचं नाव का पडलं, हे मी पालकसभेत विचारलं तेव्हा तिघांनी सांगितलं, बाकीचे गप्प.

२३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात सुरू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गोवारी म्हणजे विदर्भातला पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणारा समाज. आपल्याकडे ढोरकी, गायकी म्हणतात ते बहुतेक गावांत हेच. दिवाळीत गायगोधनाला ढाल नाचवत येतात तेही हेच. त्यांची मागणी होती की आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या. यादीत ‘गोंड गोवारी’ असं नाव होतं, आणि आम्ही तेच आहोत असं त्यांचं म्हणणं होतं. गावोगावहून लोक आले होते, बाया होत्या, कडेवर लेकरं होती. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटजवळ पोलिसांनी मोर्चा अडवला. दिवसभर लोक वाट पाहत बसले होते. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बाया आणि लहान मुलं जास्त होती.

हे सातवीच्या मुलांना सांगायचं का? मला दोन पालकांनी विचारलं, “मॅडम, राजकारण कशाले शिकवता?” त्यांचा राग समजण्यासारखा होता. मी म्हटलं, जालियनवाला बाग आपण सहावी-सातवीच्या मुलांना सांगतोच की. ते लांबचं आहे म्हणून सोपं वाटतं. हे आपल्या जिल्ह्यातलं आहे आणि त्यातले लोक आपल्या गावात राहतात म्हणून जड जातं. कोणत्या पक्षाचं सरकार होतं, कोणी राजीनामा दिला हा माझा पाठ नव्हता. माझा पाठ होता की हे स्मारक कोणाचं आहे. तरी एक चूक माझ्याकडून झालीच, ती सांगते.

मी वर्गात आधी नुसते आकडे सांगितले. ११४. फळ्यावर लिहिला. मागच्या बाकावरची एक मुलगी खाली मान घालून बसली. मधल्या सुट्टीत कळलं की तिची आजी त्या मोर्चात होती. आजी घरी परत आली, शेजारची बाई आली नाही. त्या मुलीला मी काही न विचारता, तिच्या घरी काही न बोलता तो आकडा फळ्यावर लिहिला होता. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आजी ओट्यावर बसली होती. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, “सांगजो ना बाई, काऊन नाई सांगाचं? पण लेकराईले आधी हे सांग का आमी कायले गेलतो.” आम्ही कशासाठी गेलो होतो, ते आधी सांग.

त्या वाक्याने माझा पाठ उलटा झाला. तुम्ही हा विषय घेणार असाल तर हाच क्रम ठेवा. आधी समाज, त्यांचं काम, त्यांचा सण, त्यांची मागणी. मग तो दिवस. फोटो दाखवू नका. लहान मुलांचे मृतदेह असलेले फोटो इंटरनेटवर सापडतात, मुलांना ते दाखवून काहीच साधत नाही. आणि वर्गात गोवारी मुलं असतील तर आधी त्यांच्या घरी जाऊन या. ‘तुझी गोष्ट सांग’ म्हणून मुलाला वर्गासमोर उभं करू नका.

मागणीचं पुढे काय झालं हे मुलं विचारतातच. खरं ते सांगावं. त्या घटनेनंतर गोवारी आणि आणखी काही समाजांसाठी विशेष मागास प्रवर्ग, म्हणजे आपण हजेरीपत्रकात आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये भरतो तो ‘एसबीसी’ रकाना, २ टक्के आरक्षणासह आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ ला गोवारी हेच गोंड गोवारी असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० ला तो फिरवला. तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात ते बाजूला ठेवा. पण शिक्षक मित्रहो, तो एसबीसीचा रकाना आपण वर्षानुवर्षं भरत आलो. त्यामागे ११४ माणसं आहेत हे मला तरी पंधरा वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी शोधलंही नव्हतं. तोही एक फलकच आहे म्हणा, आपल्या कपाटातल्या रजिस्टरमध्ये.

स्मारकापाशी गेलो तेव्हा मुलांनी चार प्रश्न विचारलेच नाहीत. शांत उभी राहिली. त्या मुलीने घरून झेंडूची फुलं आणली होती. दरवर्षी २३ नोव्हेंबरला समाजाचे लोक इथे जमतात, तिच्या घरचेही येतात. तिने चार वर्गमैत्रिणींना दोन-दोन फुलं दिली. मी मध्ये बोलले नाही.

आता परत गावाकडे. शहरातले आणि माळावरचे दगड पाहिले, आता आपल्या गावातले शोधा, असं मुलांना सांगितलं. एका रविवारी तीन गट निघाले. वहीत जे आलं ते वाचून मलाच नवल वाटलं. मारुतीच्या देवळाचा दगड आणि मातामायचे शेंदूर लावलेले दगड आलेच. पण सगळ्यांत जास्त काय सापडलं असेल? भूमिपूजन आणि लोकार्पणाच्या संगमरवरी पाट्या. समाजमंदिर, पाण्याची टाकी, सिमेंट रस्ता, स्मशानशेड, एकेका पाटीवर आठ-आठ दहा-दहा नावं. एका रस्त्याची पाटी आहे, रस्ता नाही. (रस्ता का नाही हे मुलांनी ग्रामसभेत विचारू नये अशी विनंती मला करण्यात आली. मी मुलांना काही सांगितलं नाही.) मुलांनी हिशोब केला. गावात दगडावर कोरलेल्या नावांपैकी बहुतेक नावं गावातली नाहीतच!

तालुक्याला पंचायत समितीच्या आवारात १९७२ सालचा स्तंभ आहे, तोही पाहून आलो. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा असे स्तंभ देशभर विकासगटांच्या ठिकाणी उभे राहिले, एका बाजूला संविधानाची उद्देशिका, दुसरीकडे त्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं. तुमच्या तालुक्यात असेल तर जरूर दाखवा. आमच्या इथला तर झुडपात होता. मुलांनी आधी झुडपं काढली, मग नावं वाचली. त्यातलं एक आडनाव आमच्या आठवीतल्या मुलाचं निघालं. घरी कोणालाच माहीत नव्हतं.

वस्त्यांच्या पाट्यांचाही विषय निघाला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. आमच्याकडेही एका वस्तीचं नाव बदललं, पाटी नवी लागली. “पाटी बदलली, पण लोक जुनंच म्हणतेत,” असं एक मुलगा म्हणाला. त्या वस्तीतल्याच मुलीने लगेच सांगितलं, “आमी नाई म्हणत.” यावर मी काही बोलायची गरज नव्हती.

कुही, भिवापूर भागातल्या शिक्षकांनी हा उपक्रम घेतला तर त्यांच्याकडे वेगळंच निघेल. गोसीखुर्द धरणाची कोनशिला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते १९८८ साली बसली. तिच्यावर नाव आहे. पाण्याखाली गेलेल्या गावांचं काय? नव्या गावाच्या पाटीवर ‘पुनर्वसन’ हा शब्द असतो, जुनं गाव मात्र फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. त्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गावाचा नकाशा मुलांना काढून घ्यायला सांगा. कोणाचं घर कुठे, विहीर कुठे, देवी कुठे. पाच वर्षांनी हे विचारायला कोणी मिळेलच असं नाही.

जर्मनीत एक कलाकार आहे, गुंटर डेम्निग. नाझींनी ज्यांना घरातून ओढून नेऊन मारलं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर फुटपाथमध्ये तो तळहाताएवढा पितळी पत्रा बसवतो. १९९० च्या दशकात सुरुवात केली आणि २०२३ पर्यंत असे एक लाख दगड युरोपभर बसले. मजकूर साधा असतो, ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, पुढे काय झालं. वर्गात मोबाईलवर त्याचे फोटो दाखवले. सगळ्या मुलांना ती सुरुवातीची दोन-तीन अक्षरंच आवडली. “मॅडम, आपण पण ‘इथे’ पासून सुरू करू.”

आणि मग तो पहिला पोरगा बोलला. शिलाफलक जिथे आहे, ती शाळेच्या आवाराची जागा पूर्वी गावाचा आखर होता. सकाळी गावभरची गुरं तिथे जमायची आणि त्याचा आजा ती घेऊन रानात जायचा. म्हणजे मघाशी ज्या दगडावर आज्याचं नाव नाही म्हणून तो विचारत होता, तो दगड आज्याच्याच जागेवर उभा होता! हे मला सात वर्षं त्या शाळेत असून माहीत नव्हतं.

आम्ही पाटी करायची ठरवली. लाकडी फळी, तीन फूट बाय दोन फूट, मुलांनीच रंगवायची. मजकूर काय असावा यावर वर्गात तीन तास गेले, आणि मी सांगते, सहा महिन्यांत सगळ्यांत चांगला मराठीचा तास तोच झाला. ‘या पवित्र भूमीवर’ असं एकाने लिहिलं, ते बाकीच्यांनी खोडलं. ‘गरीब बिचारे गुराखी’ असंही आलं. मुलीची आजी आणि मुलाचा आजा, दोघांनाही शाळेत बोलावलं होतं. आजाने ‘बिचारे’ ऐकलं आणि हसला. “बिचारे कायचे? वर्षाचं धान्य मोजून घेत होतो मी, घरामागं पायली.” लगेच ते शब्द गेले.

मग खरा वाद. ‘गुराखी’ लिहायचं की ‘गोवारी’? माझंच मत ‘गुराखी’ असं होतं. शाळेच्या पाटीवर जातीचं नाव नको, उगाच कोणी आक्षेप घेईल, मुख्याध्यापकांना त्रास होईल, असा शिक्षकी विचार. आजीला विचारलं. म्हणाली, “गुराखी तं कोनीबी रायते. आमचं नाव लिवा.” एका पालकाने हरकत घेतली, दुसऱ्याने आजीची बाजू घेतली. शाळा व्यवस्थापन समितीत तासभर चर्चा झाली. शेवटी ठरलं की ज्यांची आठवण आहे त्यांनी शब्द ठरवावा. ‘गोवारी’ राहिलं. मी हरले, आणि आता वाटतं बरं झालं.

पाटीवर असं आहे :

‘इथे आमच्या गावाचा आखर होता. रोज सकाळी गावची गुरं इथे जमत. गोवारी समाजाची माणसं ती रानात चारून संध्याकाळी घरोघर परत आणत. सन १९९० पर्यंत हे काम चालू होतं.’

खाली पाच नावं. पाचही जणांच्या घरी जाऊन, विचारून, वही-पेन्सिलीने टिपून आणलेली. त्यांतले दोघेच हयात आहेत. सालही आम्ही तिघांना वेगवेगळं विचारून, जुळलं तेव्हाच लिहिलं. मुलांना मौखिक साधनांची चिकित्सा म्हणजे काय हे तिथे कळलं. एकाने १९८५ सांगितलं, दुसऱ्याने १९९५. मग कोणाचं लग्न, कोणती बैलजोडी, कोणत्या वर्षी तळं आटलं असं धरून धरून साल काढलं.

पाटी शिलाफलकाच्या बाजूला, जरा अंतर ठेवून लावली. शहिदांच्या फलकाशी बरोबरी करतोय असं कोणाला वाटू नये म्हणून अंतर आजानेच ठरवलं. पाटी लागली त्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून आला, नाव वाचता येत नसल्यामुळे नातवाला वाचायला लावलं, आणि “बरं हाय” म्हणून परत गेला.

दुसऱ्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलीने विचारलं की पाचही नावं माणसांचीच का, आखरावरचं शेण तर बायाच उचलत होत्या, गोवऱ्या त्याच थापत होत्या. सहावीचा वर्ग सध्या त्या बायांची नावं गोळा करतोय, सात झाली आहेत. पाटीवर खाली जागा कमी पडणार आहे, त्यामुळे फळी दुसरी घ्यावी लागेल.

तुम्ही करणार असाल तर दोन-तीन कामाच्या गोष्टी. सहल डिसेंबर-जानेवारीत न्या, जुनापाणीच्या माळावर सावली नाही. केंद्रप्रमुखांचं परवानगीपत्र आणि पालकांची संमतीपत्रं आधीच घ्या. गावातल्या लोकांची नावं लिहिण्याआधी त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा, तोंडी नको, सही किंवा अंगठा घ्या. आणि पाटीला ऑइल पेंटच वापरा. आम्ही पहिल्यांदा पोस्टर कलर वापरला होता, मृगाच्या पहिल्याच सरीत तिसरं आणि चौथं नाव वाहून गेलं आणि पोरं दप्तर न ठेवताच मला सांगायला धावत आली.